काकूंनी लिहून दिलेलं भाषण

ते भाषण मला अजून पाठ आहे. परवा नातीनं विचारलं, आजी, तुला लहानपणचं काय आठवतं, तर दुसरं काही सुचायच्या आत मी उभी राहिले, पदर नीट केला आणि “अध्यक्षीणबाई आणि जमलेल्या माझ्या भगिनींनो” असं सुरू केलं. ती खुदकन हसली. तिला मराठी अर्धंच कळतं. इथं जबलपूरला घराबाहेर सगळी हिंदी, आणि सूनबाई आल्यापासून घरातही तीच. मग मीही हसले आणि गॅस बंद आहे का ते बघायला आत गेले. बंदच होता, पण बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुसऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला आपल्या हातून काही सांडेल, फुटेल, करपेल ही धास्ती जन्मभर सोडत नाही. मुलगा म्हणतो, आई, आता हे तुझंच घर आहे. मी म्हणते, हो रे, आणि परत बघून येते.

पिशोरला, आमच्या गावी, मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीपासून मुलं-मुली एका वर्गात बसायची, म्हणून चुलत्यांनी माझं नाव काढलं. “पाटलाची पोर पोरांच्या मांडीला मांडी लावून बसत नसती,” असं ते मास्तरांना ओसरीतूनच बोलले. वडील गेल्यावर ह्याच चुलत्यांनी आमची चूल वेगळी केली होती आणि आमचं रान आपल्या नांगराखाली घेतलं होतं. इज्जत तेवढी सामाईक ठेवली होती. आमच्यात गोषा होता. माय लग्न होऊन आली तेव्हा तिला गावची विहीर कुठल्या बाजूला आहे हे माहीत नव्हतं, पाणी घरात यायचं. माहेरी जायचं तर बैलगाडीला पडदा बांधायचे. तीच माय वडिलांच्या मागं दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली. गाव उठायच्या आत निघायची, पदर नाकापर्यंत ओढून, म्हणजे कुणाला दिसली तरी त्याला दिसली नाही असं म्हणता यावं. त्या दिवसापासून चुलत्यांच्या घरच्या बायका तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या. नवरा मेला हे त्यांच्या लेखी नशीब होतं. गोषा मोडला हा तिचा गुन्हा.

रानाच्या तंट्यासाठी माय मला घेऊन औरंगाबादला एका वकीलसाहेबांकडं गेली होती. (गावाचं नाव आता बदललंय, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय, त्याला माझा इलाज नाही.) तंटा काही सुटला नाही, पण मी तिथं राहिले. वकिलीणबाई म्हणाल्या, “राहू दे पोरीला, माझ्या हाताखाली होईल. दोन घास खाईल, चार अक्षरं शिकेल.” त्यांना सगळे काकू म्हणायचे, मीही म्हणू लागले. औरंगपुऱ्यातलं ते घर माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे. सकाळी लांबून अजान, मग रस्त्यावर टांग्याच्या घोड्याच्या टापा, मग वकीलसाहेबांचं खाकरणं. ते कोर्टातली उर्दू घरातही बोलायचे. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, कचेऱ्यांत मराठी आली, तरी त्यांच्या तोंडातून ‘मुकदमा’ आणि ‘दरख्वास्त’ काही जाईना. स्वयंपाकघरात वरणाला हिंगाची फोडणी बसली की मी हातातला झाडू तसाच धरून वास घेत राहायची. आमच्याकडं भाकरीवर ठेचा, फार तर पिठलं. इथं भातावर वरण, वरणावर तूप. पहिल्या दिवशी काकूंनी तूप वाढलं तेव्हा मी भात तसाच ठेवला. मला वाटलं, चुकून पडलंय, आता परत घेतील.

काकू चांगल्या होत्या. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना नाव ठेवावं असं मला वाटत नाही. त्यांनी मला स्वयंपाकघरात घेतलं. त्या आळीत तेव्हा आमच्या जातीच्या पोरीनं ओसरी झाडावी, भांडी घासावीत, पण पिण्याच्या पाण्याला हात लावू नये असा रिवाज होता. शेजारणींनी तोंडं वाकडी केली तर काकू म्हणाल्या, “मला तिच्या हातचं पाणी चालतं. तुम्हाला तहान लागली तर आपापल्या घरी जा.” माझ्या केसांत तेल घालताना त्या त्यांच्या आईबद्दल बोलायच्या. आई तरुणपणीच विधवा झाली. केस काढले, लाल आलवण नेसवलं आणि माजघरामागच्या खोलीत बसवलं. “उंबरठ्याबाहेर पाऊल नाही गं टाकलं तिनं मरेपर्यंत,” काकू म्हणायच्या, आणि माझ्या डोक्यावरचा त्यांचा हात थांबायचा. “झरोक्यातून उजेड यायचा तेवढाच तिचा सूर्य.” मग वेणी घट्ट पडायची. दुखायचं, पण मी डोकं हलवायची नाही.

दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडं महिला मंडळ भरायचं. बैठकीत सतरंजी घालायची, पाण्याचा तांब्या ठेवायचा, आणि आलेल्या बायकांची लेकरं माजघरात माझ्यापाशी. एक कडेवर, एक पायावर, एक माझ्या परकराला लोंबकळत. दाराआडून मला सगळं ऐकू यायचं. बाईनं घराबाहेर पडलं पाहिजे. बाईला चूल आणि मूल यातून सुटका हवी. मला ते फार आवडायचं. त्या बाहेर पडत होत्या म्हणून मी आत होते, असं आता कधीकधी मनात येतं. तेव्हा मला वाटायचं, किती मोठ्या मनाच्या बायका, आपली लेकरं माझ्या हातात देतात.

त्या वर्षी मंडळाचं संमेलन ठरलं. मुलींच्या वसतिगृहात मंडळाच्या वतीनं एका गरजू मुलीला जागा मिळणार होती. राहणं, जेवण आणि शाळा, थेट पाचवीत. मुलगी कोण हे अध्यक्षीणबाई संमेलनात ठरवणार होत्या. एका बड्या अंमलदाराच्या त्या पत्नी. काकूंनी माझं नाव सुचवलं आणि म्हणाल्या, “गिरिजा, तू भाषण करायचंस. त्यांनी तुला ऐकलं की काम झालं.” घरी मी गिरजी होते. गिरिजा मला काकूंनी केलं. भाषण त्यांनीच लिहिलं, रोज संध्याकाळी दिवे लावल्यावर माझ्याकडून घोकून घेतलं. ‘न’ला ‘न’ आणि ‘ण’ला ‘ण’ येईपर्यंत सोडलं नाही. भाषणाच्या मध्यावर हे होतं: “माझ्या आईने कधी उंबरठा ओलांडला नाही. सूर्य तिने माजघराच्या झरोक्यातून पाहिला. तिच्या पायांना रस्ता ठाऊक नाही, तिच्या डोळ्यांना शिवार ठाऊक नाही.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरत घाबरत म्हणाले, “काकू, माझी माय शेतात जाते.”

“अगं, घरच्या शेतात जात असेल कधी. ते वेगळं. तुमच्या पाटील मंडळींत गोषा असतो ना?”

“व्हय.”

“हो म्हण.”

“हो.”

“मग झालं तर.”

आमच्या घराला झरोका नव्हता, हेही मी सांगितलं नाही. मला शाळा पाहिजे होती. इतकी पाहिजे होती की रात्री अंथरुणात पाचवीचं पुस्तक कसं दिसत असेल याचा मी विचार करायची. वर चित्र असेल का, आणि असलं तर कशाचं.

संमेलनाच्या दिवशी सकाळच्या मोटारीनं माय आली. काकूंनीच निरोप धाडला होता. बाईमाणसानं एकटीनं यायचं नाही म्हणून बरोबर कोंडाबाई होती, डोक्यावर शेंगांचं गाठोडं घेऊन. कोंडाबाई आमच्या गावच्या महारवाड्यातली. तिच्या लोकांनी वस्तीला भीमनगर म्हणायला सुरुवात केली होती, गाव मात्र जुन्याच नावानं बोलायचं. ती आणि माय एकाच पातीला, शेजारी शेजारी, खुरपायच्या. तिची मुलगी शहराजवळ पडेगावला मामाकडं राहून शाळेत जायची, तिला बघायला मिळेल म्हणून ती आली होती. माय ठेवणीतलं लुगडं नेसली होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. तो हात खरबरीत लागला आणि मला एकदम रडू आलं.

“किती वाळलीस गं गिरजे.”

“नाय वाळले माय. काकू रोज तूप वाढतात.”

“तूप खाऊन बी काडीच हाय,” कोंडाबाई पायरीवरून म्हणाली. “आमच्या कुत्र्याला नुसतं ताक पाजलं तर ते दाराबाहीर मावंना.”

काकू बाहेर आल्या. “या पाटलीणबाई, आत या. तुमची मुलगी तुमच्यावर काय सुंदर बोलणार आहे, ऐका तर खरं.” माय शेंगांचं गाठोडं घेऊन आत गेली. कोंडाबाईला त्या म्हणाल्या, “तुम्हीही या ना.” कोंडाबाईनं आधी मायकडं बघितलं. मायनं मान वळवून शेंगांची गाठ सोडायला घेतली. “बरं हाय हितं,” कोंडाबाई म्हणाली. “वारं लागतंय.” काकूंना वाटलं, ती त्यांना लाजली. ती कुणाकडं बघून थांबली ते त्यांना दिसलं नाही. मला दिसलं, पण तेव्हा त्यात मला काही नवल वाटलं नाही. आमच्या गावात असंच असायचं.

काकू तयारीला गेल्यावर स्वयंपाकघरात माय शेंगा सोलत बसली आणि म्हणाली, म्हण बघू काय बोलणार हाईस ते. मी हळू आवाजात सगळं म्हणून दाखवलं. मधेच तिचे हात थांबले.

“ते उंबऱ्याचं परत म्हण.”

“कशाला?”

“म्हण की.”

मी परत म्हणाले. ती खाली बघत होती. तिनं भेगाळलेली पावलं हळूच लुगड्याखाली ओढून घेतली आणि पदर कपाळापर्यंत सारखा केला.   वाटलं, हिला लागलं. उन्हातान्हात राबती आणि पोटची पोर म्हणते, शिवार ठाऊक नाही. 

संमेलन एका शाळेच्या पटांगणात मांडव घालून होतं. मांडवाला आंब्याची पानं, समोर मोठ्या बायकांसाठी खुर्च्या, त्यांच्यापुढं सतरंज्या. काकूंनी मायला हाताला धरून अगदी पुढच्या सतरंजीवर नेलं. दोघीतिघींनी सरकून जागा दिली. एकीनं विचारलं, “पिशोरचे पाटील का?” मायनं मान हलवली. त्या बाईनं आपला पंखा तिच्याकडंही वळवून वारा घातला. माय ताठ बसली होती, इतकी ताठ मी तिला कधी बघितली नव्हती. मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते. मला वाटलं, भेदरलीय. कोंडाबाई मागं चपलांपाशी बसली होती, तिची मुलगी शेजारी, दोन वेण्या, मांडीवर दप्तर.

माझं नाव पुकारलं. सुरुवात चांगली झाली. अध्यक्षीणबाई मान डोलवत होत्या. काकू कडेला उभ्या राहून माझ्याबरोबर ओठ हलवत होत्या, जणू भाषण आम्ही दोघी मिळून म्हणत होतो. मी मधल्या जागी आले आणि माझी नजर मायच्या हातांवर गेली. ते मांडीवर होते. पायांसारखे तिला ते लपवता आले नव्हते. उजव्या बोटाला खुरपं लागलेलं, त्याला चिंधी बांधलेली.

“माझ्या आईने कधी...” मी म्हणाले आणि थांबले.

काकू कुजबुजल्या, “उंबरठा ओलांडला नाही.”

“माझ्या आईने कधी...”

“उंबरठा, गिरिजा.”

मांडवात एवढी शांतता झाली की पानं वाजायला लागली. आणि मग माझ्या तोंडून निघालं, घरच्या बोलीत, ओरडल्यासारखं: “माझी माय रोज जाती. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाती. तिला घरी बसायला भेटत नाय.”

पुढचं मला आठवेना. मी तशीच उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, “विसरली बिचारी,” आणि दयेनं थोड्या टाळ्या पडल्या. पंखेवाल्या बाईनं पंखा परत आपल्याकडं वळवला. वाईट मनानं नसेल, उकडत होतं. पण मायनं पदर खाली ओढला. कपाळावरून खाली, डोळ्यांवरून खाली, नाकापर्यंत. पहाटे गाव उठायच्या आत घरातून निघताना ओढायची, अगदी तसा.

अध्यक्षीणबाई जाताना काकूंना म्हणाल्या, मुलगी गोड आहे, पण बोलण्यात फार गावंढळपणा येतो, वसतिगृहात इतर मुलींत कशी निभेल? जागा एका शिरस्तेदारांच्या भाचीला गेली. ती मुलगीही गरीबच होती, तिला बाप नव्हता. काकू मला रागावल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, “काय झालं गं?”

“खोटं म्हणता आलं नाही, काकू.”

त्यांचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. “खोटं?” त्या म्हणाल्या. “माझी आई खोटी होती का?” आणि त्या आत निघून गेल्या. त्यांच्या आईला माझ्या तोंडून मांडवात आणायला निघाल्या होत्या त्या. जिवंतपणी जी बाई माजघराबाहेर आली नाही तिला एवढ्या बायकांसमोर एकदा बसवायची होती. हे कळायला मला स्वतःची लेकरं व्हावी लागली.

मायला सोडायला मी मोटारस्टँडवर गेले. वाटभर ती माझ्यापुढं दोन पावलं चालत राहिली. स्टँडवर भज्यांच्या तेलाचा वास आणि कंडक्टरांचा गलका. कोंडाबाईनं मुलीला शेजारच्या टपरीवर केळं घेऊन दिलं होतं, ती उभ्या उभ्या पुस्तक वाचत खात होती. शेवटी मीच म्हणाले, “माय, तुला लागंल म्हणून मी...”

“म्हणून टाकायचं व्हतंस,” माय म्हणाली.

“पण तू तर रोज...”

“रोज जाती म्हणून तर.” तिचा आवाज पदराआडून येत होता. “घडीभर बसले असते ना गं आत. एवढ्या बायांत. पिशोरला कोण बघाया येणार व्हतं?”

 कोंडाबाई हसली. वाकडं हसली नाही, दमलेलं माणूस हसतं तशी. “पाटलीणबाई, तुमाला आत बसाया उंबरा तरी व्हता. आमच्या बायांनी गोषा धरला कवा आन् मोडला कवा? आमी जल्मापास्नं बाहीरच.” मग तिनं लेकीकडं बोट केलं. “म्हणून तर माही पोर शाळंत हाय. तिला आडवी याया आमच्या घरात इज्जतच नव्हती.”

“तुला काय कळतंय कोंडे इज्जतीचं,” माय तडकून म्हणाली.

“नाय कळत. त्येच म्हनते मी.”

मोटार लागली. माय पुढं बाईमाणसांच्या बाकावर बसली. कोंडाबाई मागं उभी राहिली. उद्या पहाटे दोघी पुन्हा एकाच पातीला असणार होत्या. माय मोटारीतून हात दाखवेल म्हणून मी वाट बघत राहिले, पण तिचा पदर वर झाला नाही.

काकूंकडं मी पुढं लग्न होईपर्यंत राहिले. शाळा झाली नाही, पण त्यांनी कपाटाची किल्ली मला दिली आणि मी दुपारी पुस्तकं वाचायची. हे चार शब्द मी आज लिहिते ते त्यांच्यामुळं. इथं जबलपूरलाही मी वाचते, मराठी वाचनालय आहे एक, तिथला म्हातारा माझ्यासाठी पुस्तकं बाजूला ठेवतो. बाईचं दुःख एकच असतं, असं पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं. वाचताना मी थांबते. असेलही, मी काय शिकलेली नाही. पण काकूंना जे दार मोडायचं होतं त्याच्या आत माझी माय घडीभर टेकायला तरसत होती, आणि त्या दाराबाहेर कोंडाबाई मायच्याच धाकानं बसली होती, आणि तिघींपैकी कुणाला मी खोटं म्हणू?

मायचे पाय गेले तेव्हा मी पिशोरला जाऊन राहिले. ती खाटेवर पडून असायची. डोळ्यांनाही फारसं दिसत नव्हतं. चुलते कधीच गेले होते, आणि त्यांच्या सुना आता स्वतःच दुसऱ्यांच्या कापसाला जात होत्या, दिवसाउजेडी, तोंड उघडं टाकून. मायची विचारपूस करायला रोज कोंडाबाई यायची. तिची लेक शिक्षिका झाली होती, तिनं आईला राहायला बोलावलं होतं, पण म्हातारी गाव सोडेना. काठी टेकत यायची, भाकरी आणायची आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर बसायची. मी म्हणाले, “आत या ना मावशी.” ती म्हणाली, “बरं हाय हितं.” मायनं ते ऐकलं. तिनंही आत ये म्हटलं नाही.

“आता मी घरातच असती बघ,” माय मला म्हणाली आणि दात नसलेलं हसली. थोड्या वेळानं म्हणाली, “ते तुझं म्हण. वकिलीणबाईनं दिल्यालं.”

मी उभी राहिले. अध्यक्षीणबाई आणि जमलेल्या माझ्या भगिनींनो. ‘न’ला ‘न’, ‘ण’ला ‘ण’. मधल्या जागी आले तेव्हा अडखळले नाही. माझ्या आईने कधी उंबरठा ओलांडला नाही. तिच्या पायांना रस्ता ठाऊक नाही. मायनं चादरीत पाय ओढायला बघितले, ते हलेनात, म्हणून मीच बोलता बोलता चादर त्यांच्यावर सारखी केली. शेवटपर्यंत म्हटलं. मांडवातही न म्हटलेलं शेवटचं वाक्यसुद्धा.

बाहेर पायरीवर कोंडाबाईनं टाळ्या वाजवल्या.

“कोण गं ते?” मायनं विचारलं.

“बाया हाईत, माय,” मी म्हणाले. “लई बाया आल्यात.”

मायनं चाचपडत पदर घेतला आणि कपाळापर्यंत नीट ओढला.